तिकोनी बिंदू

"अजून त्याच जुन्या सॉफ्टवेअरवर?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की उत्तर तोंडपाठ झालंय. जुन्यात एकाच भल्यामोठ्या फळ्यावर हवी तितकी पानं, हव्या त्या मापाची, हवी तिथं मांडता येतात. नव्यात तेव्हा एका फाइलला एकच पान मिळायचं. जुनं पटकन उघडतं, मधेमधे सल्ले देत नाही. एवढं सांगितलं की समोरचा मान हलवतो आणि मनात म्हणतो, जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांपैकी दिसते. म्हणू दे. सोन्याशी माझं काही देणंघेणं नाही. खरं कारण एका बिंदूचं आहे, आणि ते सांगायला मला आमच्या जयपूरच्या, खातीपुऱ्यातल्या घराच्या मागच्या खोलीत जावं लागतं. तिथं कूलरचा ओल्या वाळ्याचा वास येतो, पडदा ओढलेला असतो, बाबा खुर्चीवर ताठ बसलेले असतात आणि स्क्रीनवर एक हिरवी वेल सावकाश पुढं सरकत असते.

बाबा रेल्वेत ट्रेसर होते. म्हणजे इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेला नकाशा पारदर्शक कापडावर शाईनं जसाच्या तसा उतरवायचा. यार्डांचे, पुलांचे, फाटकांचे नकाशे. अकोल्याहून ते बदलीवर जयपूरला आले तेव्हा मी पाच वर्षांची होते. लहानपणी कधी त्यांच्या ऑफिसात गेले तर मला बोलायची मनाई असायची. बाबा श्वास रोखून लांब वळणाची रेघ ओढायचे, आणि ती पूर्ण झाली की मगच "बोल" म्हणायचे. मला काय बोलायचं होतं ते मी तोवर विसरून गेलेली असायचे.

त्यांच्या नोकरीची शेवटची काही वर्षं मात्र वाईट गेली. नकाशे कॉम्प्युटरवर गेले. बाबांना फायलींवर नंबर टाकायच्या टेबलावर बसवलं. ते घरी फक्त वळणं काढायच्या पट्ट्यांची लाकडी पेटी घेऊन आले आणि ती कपाटावर ठेवून दिली. निवृत्त झाले त्या वर्षी मी एकदा त्यांना माझ्यासाठी एक फूल काढून द्या म्हटलं, तर म्हणाले, "माहा हात गेला आता, बेटा." हाताला काही झालेलं नव्हतं. चहाचा कप ते अगदी स्थिर धरायचे. पण एखाद्यानं दुकानाला कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकावी तसं ते बोलले, आणि मला फार राग आला. कुणाचा ते अजून नीट कळलेलं नाही.

मी तेव्हा सीतापुऱ्यात, चादरी परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात चित्रकार होते. वेली, बुट्ट्या, कोयऱ्या काढायच्या. त्यांची छापील पानं सांगानेरला जायची, तिथं लाकडाचे ठसे कोरले जायचे आणि मग त्या ठशांनी कापडावर छपाई. सकाळी बसनं जाताना मला हमखास डुलकी लागायची. त्या डुलकीत कालची अर्धी राहिलेली वेल खिडकीच्या काचेवरून वाढत जायची, दुर्गापुऱ्याच्या फाटकाशी बस थांबली की थांबायची, आणि बस सुटली की पुन्हा चालू लागायची. मी ती वेल ऑफिसात जाऊन काढायचे. माझी निम्मी चांगली कामं अशी बसमध्ये झालेली आहेत.

दोन हजारचं दशक अर्ध्यावर आलं असेल, तेव्हा ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले आणि त्यांच्यासोबत नवं सॉफ्टवेअर. सगळे खूश. मी पण झाले, नव्याचे नऊ दिवस. जुनी मशीनं मोडीत निघणार होती. माझं मी सरांकडून मागून घेतलं आणि एका रविवारी रिक्षातून मांडीवर धरून घरी आणलं. मागच्या खोलीत ते लावलं. आई दारातून म्हणाली, "अवो, आता घरी पन ऑफिस आलं. मले तं बोलायले कोनी राहिलंच नाही."

बाबा पहिले काही दिवस नुसते येऊन मागं उभे राहायचे. नकाशे ज्याच्यामुळे हातचे गेले, त्याच्याकडे पाहावं की नाही हे त्यांचं ठरत नसावं. मी माझं काम करत राहायचे. या सॉफ्टवेअरमध्ये रेघ हातानं ओढायची नसते. आपण बिंदू ठेवत जायचं, दोन बिंदूंमधली रेघ ते आपोआप जोडतं. बिंदू तीन प्रकारचे. चौकोनी बिंदू ठेवला की रेघ तिथं कोपरा करून, धारदार मोडते. गोल ठेवला की गोलाईनं वळते. तिसरा तिकोनी. तो कशासाठी आहे हे मला माहीत नव्हतं, ऑफिसातही कुणालाच नव्हतं. आम्ही तो कधी वापरलाच नाही.

एका दुपारी बाबांनी बोट ठेवून विचारलं, "हे तीन कोनाचं काय हाय?"

"काही नाही बाबा. मतलब, असंच आहे. लागत नाही."

"लागत नाही तं ठेवलं कायले?"

ते शेजारी बसले. मी माऊस त्यांच्या हाताखाली सरकवला. त्यांनी एक सरळ रेघ काढली, तिच्या टोकाशी तिकोनी बिंदू ठेवला आणि पुढं एक वळण काढलं. मग वळण इकडून तिकडे ओढून पाहिलं. कितीही ओढलं तरी सरळ रेघेतून वळणात जाताना कुठं कोपरा उठत नव्हता. वळण सरळ रेघेच्या दिशेला धरूनच निघत होतं. बाबा बराच वेळ तेच करत राहिले. बाहेर कुणाच्या तरी गच्चीवर मोर ओरडला. मग माऊस थांबला, तेव्हा मला वाटलं त्यांना झोप लागली.

"हे तं आमचं हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, पलंगाच्या काठावर बोट फिरवत. "रूळ सरळ येते. त्याले वळायचं हाय. एकदम वळवला तं गाडी बाहेर जाते. म्हनून सरळ जिथं संपते अन् वळण जिथं लागते, तिथचा जोड असा पाहिजे का आत बसलेल्या मानसाले कळूच नाही. डोळा लागला असन तं लागलेलाच राहिला पाहिजे." जन्मभर ते हेच जोड काढत आले होते, आणि माझ्या बसमधल्या झोपेत कुठंतरी त्यांचाच हात असणार, असं मला त्या दुपारी वाटलं.

त्या दिवसापासून मागची खोली त्यांची झाली. आधी त्यांनी आठवणीतून जयपूरचं यार्ड काढलं, मग अकोल्याचं. नंतर एक दिवस रुळाच्या एका फाट्याला त्यांनी पान काढलं, गंमत म्हणून. मी हसले नाही. दुसऱ्या दिवशी दोन पानं आली, आणि आठवड्याभरात रुळांची वेल झाली. सरळ उभे देठ, आणि मग कुठं वळायला लागले ते कळू नये असं वळण. मी ऑफिसातून यायचे तेव्हा त्या मोठ्या फळ्यावर एका वेलीशेजारी दुसरी मांडलेली असायची, आणि मी उभ्या उभ्या स्क्रीन सरकवत त्यातून हिंडायचे. पायांतली चप्पल काढायचंही भान नसायचं. आई ओरडायची.

प्रत्येक वेलीखाली, उजव्या कोपऱ्यात बाबा एक चौकट काढायचे. रेल्वेच्या नकाशावर असते तशी, तीन घरांची. रेखाटन, ट्रेसिंग, तपासणी. पहिल्या दोन घरांत ते आपल्या नावाची दोन अक्षरं टाकायचे. तिसरं घर माझ्यासाठी रिकामं ठेवायचे. "आपन काढलं ते आपन तपासायचं नसते," असा त्यांच्या ऑफिसचा नियम होता. मी "मस्त, बाबा" म्हणायचे आणि माझी दोन अक्षरं टाकून मोकळी व्हायचे. मी एकही वेल कधी तपासली नाही. मस्त तर होत्याच. आणि हात गेला म्हणणारा माणूस रोज आंघोळ करून, कंगवा फिरवून, दहा वाजता खुर्चीवर बसतो आहे, एवढ्यावर मी इतकी खूश होते की तपासायचं काय त्यात?

मग ऑफिसात एका चादरीसाठी वेल हवी होती. मी बाबांची नेली. सर म्हणाले, हीच घेऊ. घरी सांगितलं तर बाबांनी फक्त "बरं" म्हटलं, पण संध्याकाळी ते स्वतःहून फिरायला गेले आणि येताना आईसाठी कचोरी घेऊन आले. आईनं मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "काय झालं याहीले?"

वेल मी ऑफिसच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. उघडली तशी ती हुबेहूब दिसली. पण चादरीच्या मापाला ती थोडी अरुंद पडत होती, देठ ओढून पसरवायला हवे होते. नव्यात तिकोनी बिंदू नाही. बाबांचे सगळे तिकोनी बिंदू तिथं साधे होऊन आले होते, आणि मी एकेक ओढत गेले तशी प्रत्येक जोडापाशी रेघ जराशी, अगदी तांदळाच्या कणाएवढी, उचलली जात गेली. मला ते दिसलं. मोठं करून पाहिलं असतं तर नीट दिसलं असतं, म्हणूनच मी मोठं करून पाहिलं नाही. पान त्याच दिवशी सांगानेरला जायचं होतं. घरी नेऊन जुन्यावर केलं असतं तर एक दिवस गेला असता. एक दिवस, बस.

पान मीच घेऊन गेले. ठसे कोरणारे उस्ताद कागद खिडकीच्या उजेडात धरून बसले. म्हातारे गृहस्थ होते, शिसवीचा भुसा त्यांच्या भुवयांवर बसलेला असायचा. त्यांनी देठावरून नख फिरवलं आणि एका जागी थांबवलं.

"बाईसा, यहाँ गाँठ रखनी है क्या?"

वेलीला पेरं असतात. त्यांना वाटलं, मी मुद्दाम पेरं काढली आहेत. ते कागदावर जे असेल ते कोरत, स्वतःच्या मनानं काही सुधारत नसत. मला फक्त "नहीं" म्हणायचं होतं. मी म्हटलं, "हाँ, रख दीजिए।" उस्तादांनी मान डोलावली आणि पटाशी उचलली. त्यांची तीन बोटं लाकडावर इतकी हलकी फिरायला लागली, की मी दहा मिनिटं तिथंच बघत बसले. चुकीचं काम इतक्या सुंदर हातानं होताना पाहणं फार विचित्र असतं. उठून सांगावंसं वाटलं होतं. नाही उठले.

महिन्या-दीड महिन्यानं चादरी छापून झाल्या. छपाईत कडेला डाग पडलेले नग आम्हाला घरी न्यायला मिळायचे. मी एक आणली. आईनं ती त्याच दुपारी मागच्या खोलीतल्या पलंगावर अंथरली. निळ्यावर पांढरी वेल, खोली एकदम थंड दिसायला लागली. बाबा चष्मा लावून आले. पलंगाच्या कडेला बसले आणि अंगठा वेलीवर ठेवून चालायला लागले, उशीकडून पायथ्याकडे. मला त्यांचा चेहरा पाहायचा होता म्हणून मी समोर उभी होते.

अंगठा थांबला. थोडा मागं आला, पुन्हा पुढं गेला, पुन्हा तिथंच थांबला.

"इथं गाडी घसरते," ते म्हणाले.

पुढच्या जोडापाशी अंगठा पुन्हा थांबला. त्याच्या पुढच्याही. बाबांनी पूर्ण चादर तपासली. मग हात उचलून मांडीवर ठेवला, उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "म्हनलं होतं ना मी. हात गेलाच हाय."

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. बाबा, हा तुमचा हात नाही, माझा आहे. सात शब्द होते. माझ्या तोंडून एकही निघाला नाही. बाहेर पडलं ते असलं काहीतरी, "नाही हो, छपाईत होतं असं." ते हसले. चाळीस वर्षं रेघेवर जगलेल्या माणसाला मी छपाई शिकवत होते.

दुसऱ्या दिवशी मशीन बंद होतं. तिसऱ्या दिवशी त्याच्यावर आईचं विणकाम ठेवलेलं होतं. बाबा पुढच्या खोलीत पेपर वाचत बसायचे, एकच पान खूप वेळ. आई त्या चादरीवर कौतुकानं हात फिरवायची आणि मला ती चादर डोळ्यांसमोर नको व्हायची. रात्री झोपायचंही मला तिच्यावरच. त्या आठवड्यात बसमध्ये डोळा लागला की काचेवर वेल यायची, चालायची आणि एका जागी थांबायची. मी दचकून जागी व्हायचे. बस तर चालूच असायची.

आठव्या दिवशी, रविवारी दुपारी, मी विणकाम उचलून बाजूला ठेवलं, मशीन सुरू केलं आणि बाबांना हाक मारली. ते दारात उभे राहिले. मी त्यांच्याकडे न बघता सगळं सांगितलं. नव्यात ओढली, जोड उचलले गेले, मला दिसलं होतं, उस्तादांनी विचारलं होतं, मी ठेवा म्हटलं. सांगताना मला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुले दिसलं होतं?"

"हो."

"तरी पुढं पाठवलं?"

"हो."

ते येऊन खुर्चीवर बसले. फळ्यावर आपली मूळ वेल शोधून काढली. पहिला जोड त्यांनी इतका मोठा केला की स्क्रीनवर फक्त एक जाड हिरवी पट्टी राहिली. पाहिला. मग दुसरा. मी मागं उभी होते. कूलरची घरघर, मधूनच स्टेशनावरून भोंगा. एकही जोड त्यांनी सोडला नाही. मला वाटत होतं की ते शेवटी वळून म्हणतील, हात ठीक आहे. मी त्या वाक्याची वाट पाहत होते. तेवढ्यानं माझी सुटका झाली असती.

ते कोपऱ्यातल्या चौकटीपाशी आले. तिसऱ्या घरात माझी दोन अक्षरं होती. बाबांनी ती पुसली.

"आता तू बस," म्हणत ते उठले. "तपास. मंग सही कर."

मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं काम खरोखर पाहायला लागले, डोळ्यांत तेल घालून. सरळ देठ येत होता आणि कुठल्या क्षणी वळायला लागला ते मला कळत नव्हतं. पाच जोड, दहा जोड. हळूहळू माझी भीती गेली, मी त्या वेलीच्या आत कुठंतरी चालायला लागले, गाडीच्या खिडकीशी बसल्यासारखी. आणि अगदी शेवटाला, तळाच्या फांदीवर, एका ठिकाणी मला धक्का बसला.

मी परत मागं गेले. पुन्हा आले. होता. बाबांनी तिथं चुकून गोल बिंदू ठेवला होता, तिकोनी ठेवायच्या ऐवजी. रेघ जराशी फुगली होती. माझी चूक नव्हती ही. बाबांची होती. त्यांनी स्वतः आत्ताच सगळे जोड पाहिले होते आणि हा त्यांच्या नजरेतून सुटला होता.

 हे सांगू? आठ दिवस खचून बसलेल्या ज्या माणसाला मी उचलून उभं करायला निघाले होते, त्याला आता सांगू की हात तुमचाही चुकलाय? मस्त म्हणून सही करून टाकणं किती सोपं होतं. करत तर आलेच होते.

"बाबा," मी म्हटलं, "हे इथं. इथं घसरते."

ते वाकले. चष्मा वर केला, खाली केला. इतके जवळ आले की त्यांचा श्वास माझ्या कानाशी लागत होता. 

"हं," ते म्हणाले. "हाय खरं."

आणि मग माझ्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. ते हसत होते. गेल्या कित्येक वर्षांत, निवृत्तीच्याही आधीपासून, मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "आमच्या मोठ्या साहेबांशिवाय माही चूक कोनालेच सापडत नव्हती," ते स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, आईला ऐकू जावं म्हणून. "हिनं सापडवली पाह्य."

त्यांनी माऊस माझ्या हातातून घेतला, गोल बिंदू काढला, तिकोनी ठेवला. फुगवटा बसला. मग माऊस परत माझ्या हातात दिला आणि चौकटीतल्या रिकाम्या घराकडे बोट दाखवलं. मी माझी दोन अक्षरं टाकली. बाबांनी ती वाचली, मला खुर्चीवरून उठवलं आणि पुढची वेल काढायला नवीन पान घेतलं.